सरकारी पैशातून झालेला वैद्यकीय शोध: सँक्शन लेटरपासून लायसन्सपर्यंत

जून 2024 मध्ये कोव्हॅक्सिन पुन्हा बातम्यांत आली, ती पेटंटमुळे. या लशीसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) तो भारत बायोटेकला दिला, चाचण्यांत भागीदारी केली आणि विक्रीवर पाच टक्के रॉयल्टीही ठरवून घेतली. पण पेटंटच्या अर्जात अर्जदार म्हणून कंपनी एकटीच होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने खुलासा केला, की आयसीएमआरसोबतचा करार गोपनीय असल्याने अर्जाच्या वेळी तो हाताशी नव्हता, नाव मुद्दाम वगळलेलं नाही आणि आता आयसीएमआरला सहमालक म्हणून घेतलं जात आहे.

या खुलाशातली एक गोष्ट प्रत्येक संशोधकाने टिपून ठेवावी: अर्ज लिहिणाऱ्याने करार वाचलेला नव्हता. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या लशीबाबत असं होत असेल, तर जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात छोट्या अनुदानावर निदान-किट बनवणाऱ्या डॉक्टरचं काय? माझं सरळ मत आहे, की असं पेटंट प्रयोगशाळेत क्वचितच अडकतं, ते अडकतं फायलीत. म्हणून इथे मसुदा लिहिण्याच्या कलेपेक्षा मसुद्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांवर जास्त भर आहे. मसुदा नोंदणीकृत पेटंट एजंटकडूनच करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पायरी 1: पैसा कुठून कुठून आला, त्याची यादी करा

अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने एक गोष्ट मिटवून टाकली: सरकारी अनुदानातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला घेता येते आणि सरकारकडे वापराचा हक्क राहतो. आपल्याकडे तसाच कायदा करण्यासाठी 2008 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही आणि पुढे मागे घेतलं गेलं. परिणाम असा, की भारतात याबाबत एकच एक नियम नाही. ज्याचा पैसा, त्याच्या अटी, आणि त्या अटी सँक्शन लेटरच्या, म्हणजे अनुदान मंजुरीच्या पत्राच्या, मागच्या पानांवर असतात, जी पानं अकाउंट्स विभागाशिवाय कुणी उलटत नाही.

केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मार्च 2000 च्या सूचना आजही पाया म्हणून उपयोगी पडतात. त्यांचा गाभा असा: शोधाची मालकी संस्थेला घेता येते, उत्पन्नातला जास्तीत जास्त एक तृतीयांश वाटा शोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देता येतो, किमान पंचवीस टक्के रक्कम पुढच्या पेटंटांच्या खर्चासाठी बाजूला ठेवावी लागते, आणि भारत सरकारला स्वतःच्या कामासाठी रॉयल्टीशिवाय वापराचा हक्क राहतो. मात्र या सूचना त्या मंत्रालयाखालच्या विभागांच्या, म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान विभाग (डीएसटी), जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) वगैरेंच्या. आयसीएमआर आरोग्य मंत्रालयाखाली येते, तिचं धोरण वेगळं. जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणारी बायरॅक ही सरकारी संस्था कंपन्यांनाही अनुदान देते, तिचे करार आणखी वेगळे.

एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात पैसा किंवा मदत कुणाची, दुसऱ्यात मालकीची अट, तिसऱ्यात शोध कळवण्याची मुदत, चौथ्यात सरकारचा किंवा देणाऱ्याचा राखीव हक्क. प्रकल्पाचं अनुदान सगळ्यांना आठवतं. विसरतात ते हे: ज्युनिअर रिसर्च फेलोची फेलोशिप कुणाची आहे, कंपनीने फुकट दिलेलं रसायन, परदेशी प्रयोगशाळेतून आलेली सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी), दुसऱ्या कॉलेजच्या ओपीडीतून आलेले नमुने. फुकट आलेल्या साहित्यासोबत बहुधा मटेरियल ट्रान्सफर करार, म्हणजे साहित्य देण्याघेण्याच्या अटींचा करार, असतो आणि त्यात ‘या साहित्यातून जे निष्पन्न होईल त्यावर आमचा पहिला हक्क’ अशा अर्थाची एक ओळ दडलेली असू शकते. ती ओळ सापडली, तर तिथेच थांबून देणाऱ्याशी बोलून घ्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा (एनआयएच) पैसा असेल तर आणखी सावध राहा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जॉन्स हॉपकिन्ससोबत अशा पैशावर वर्षानुवर्षं संशोधन चाललं आहे, म्हणजे हे काही दूरचं उदाहरण नाही. अशा अनुदानाला बे-डोलच्या अटी लागतात. शोधकाने संस्थेला शोध लेखी कळवल्यावर दोन महिन्यांत संस्थेने तो आय-एडिसन या सरकारी प्रणालीवर नोंदवायचा असतो, आणि पेटंटच्या मसुद्यात ‘हा शोध अमेरिकी सरकारच्या मदतीने झाला’ असं वाक्य अनुदान क्रमांकासह घालावं लागतं. नोंद चुकली तर मालकी मागण्याचा हक्क अमेरिकी सरकारकडे जातो.

पायरी 2: शोधक कोण, मालक कोण

शोधनिबंधावर नाव असणं वेगळं आणि पेटंटमध्ये शोधक असणं वेगळं. पेटंटचा दावा म्हणजे नेमकं कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य; ज्याच्या डोक्यातून त्या दाव्यातली कल्पना आली, तो शोधक. नमुने गोळा करणारा, यंत्र चालवणारा किंवा केवळ विभागप्रमुख असणारा शोधक ठरत नाही. हे एचओडींना सांगणं अवघड जातं, मान्य आहे. पण चुकीचं नाव घातलं किंवा खरं नाव गाळलं, तर पुढे विरोधकाला आयतं हत्यार मिळतं. निवासी डॉक्टर किंवा पीएचडीचा विद्यार्थी खरा शोधक असेल, तर त्याचं नाव यायलाच हवं.

मालकीबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: नोकरीत केलेला शोध आपोआप संस्थेचा होतो. भारतीय पेटंट कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. हक्क मुळात शोधकाचा, आणि तो लेखी करारानेच संस्थेकडे जातो. अर्ज संस्थेच्या नावावर करायचा तर हक्काचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांत पेटंट कार्यालयाला द्यावा लागतो. विद्यार्थी पास होऊन परदेशी गेल्यावर त्याची सही मिळवायला किती ईमेल लागतात, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. सह्या प्रकल्प सुरू होतानाच घ्या.

आता सहमालकी, जिच्यावर बहुतेक संस्था निम्मं-निम्मं म्हणून खूश होतात. कलम 50 नीट वाचा. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर प्रत्येक सहमालकाला तो शोध स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येतो, आणि दुसऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला लायसन्स देता येत नाही. एका बाजूला मेडिकल कॉलेज आणि दुसऱ्या बाजूला औषध कंपनी अशी जोडी समोर आणा. कंपनीकडे कारखाना आहे, ती माल बनवून विकेल आणि एक रुपयाही देणं लागणार नाही. कॉलेजकडे कारखाना नाही, आणि दुसऱ्या कंपनीला लायसन्स द्यायचं तर पहिल्या कंपनीची परवानगी हवी. कागदावर बरोबरी, व्यवहारात सगळं कंपनीचं. म्हणून सहमालकी स्वीकारताना तीन गोष्टी लेखी हव्यात: कंपनीने विकलेल्या मालावर रॉयल्टी, ठरावीक मुदतीत माल बाजारात आला नाही तर इतरांना लायसन्स देण्याची आधीच दिलेली संमती, आणि पेटंटचा खर्च कुणी करायचा. कोव्हॅक्सिनच्या बाबतीत निदान रॉयल्टी करारात होती. ती नसती, तर नुसतं नाव जोडून फारसं काही हाती लागलं नसतं.

पायरी 3: अर्ज होईपर्यंत जाहीर काही नको

पोस्टर, परिषदेचा सारांश, प्रीप्रिंट, कॉलेजच्या फेसबुक पानावरचा फोटो, स्थानिक वर्तमानपत्रातली कौतुकाची बातमी: यातल्या कशातूनही शोधाचं मर्म उघड झालं, तर पेटंटसाठी लागणारा नवेपणा गेला. कलम 31 मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा अशा सभेच्या अहवालात छापलेला मजकूर, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांनाच ती लागते. 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर त्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. अमेरिका वर्षभराची सूट देते, युरोप जवळपास काहीच देत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान थिसिसने होतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढतात, एमडी-एमएसचे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातात. गाइडने जमा करण्याआधी पेटंट कक्षाला एकदा विचारावं, गरज पडली तर प्रबंध काही काळ खुला न करण्याची लेखी विनंती करावी. तोवर घाई असेल तर तात्पुरता म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाका, बारा महिन्यांत पूर्ण मसुदा द्यायचा असतो. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे एक पानी टिपण नव्हे. जे त्यात लिहिलेलं नाही, त्याला ती आधीची तारीख मिळत नाही.

पायरी 4: पेटंट मिळण्याजोगं आहे का, ते कलम 3 वर घासून पाहा

वैद्यकीय शोधांची बरीच पडझड इथेच होते. कलम 3(आय) प्रमाणे माणसावर करायच्या उपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा निदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. सर्जनने शोधलेली नवी टाके घालण्याची रीत म्हणून बाद, पण त्यासाठी घडवलेलं उपकरण चालतं. निदानाची पद्धत अडकते, तिच्यासाठीचं किट, प्रायमर (जनुकीय चाचणीत वापरायचे डीएनएचे छोटे तुकडे), यंत्र यांना वाट आहे. या कलमाची हद्द कुठवर, यावर मद्रास उच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे. तुमच्या एजंटने तो वाचला आहे का, ते विचारा.

3(डी) म्हणजे ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्याने गाजलेलं कलम. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये स्पष्ट केलं, की माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट हवं असेल तर उपचारातली परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागेल. नुसतं जास्त विरघळतं, जास्त टिकतं, एवढ्याने भागत नाही. तेव्हा तुलनेचा प्रयोग अर्जाआधीच करा, नंतर करून त्याचा उपयोग फार मर्यादित. निसर्गातलं जनुक जसंच्या तसं 3(सी) मध्ये, अल्गोरिदम 3(के) मध्ये, पारंपरिक ज्ञान 3(पी) मध्ये अडकतं. आयुर्वेदिक काढ्याचं पेटंट मागायला येणाऱ्यांना हळदीच्या लढाईची आठवण करून द्यावी लागते. हळदीवरच्या पेटंटविरुद्ध आपण अमेरिकेत जो मुद्दा मांडला, की आधीपासून माहीत असलेलं ज्ञान हा नवा शोध नव्हे, तोच आता आपल्याला लागू आहे.

आधीचं काय आहे ते शोधण्यासाठी भारतीय कार्यालयाचं इनपास, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं (वायपो) पेटंटस्कोप आणि युरोपचं एस्पासनेट फुकट आहेत. शब्दांनी शोधून थांबू नका, वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा: औषधांसाठी ए61के, निदानाच्या उपकरणांसाठी ए61बी, जनुकीय चाचण्यांसाठी सी12क्यू.

पायरी 5: जिवंत साहित्य आणि रुग्णांची संमती

भारतातली वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव वापरून झालेल्या शोधाला जैवविविधता कायदा लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि माल बाजारात आणताना परवानगी घ्यायची. विदेशी अर्जदारांचे नियम कडक आहेत. माणसाचं जनुकीय साहित्य या कायद्यात येत नाही.

शब्दांत वर्णन करता न येणारा नवा सूक्ष्मजीव असेल, तर तो मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. यासाठी दूर जायला नको. चंडीगडच्या एमटीसीसीसोबत पुण्याचा सूक्ष्मजीव संग्रह एमसीसी हाही आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आहे. ठेवल्याचा क्रमांक आणि जीव मूळ कुठला, हे मसुद्यात येतं.

माणसाचे नमुने म्हटले की इथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, नमुन्यांतून व्यापारी उत्पादन होऊ शकतं आणि लाभात वाटा असेल-नसेल, हे संमतिपत्रात रुग्णाला सांगायला हवं. मराठी संमतिपत्रात ही ओळ बहुधा गाळलेली किंवा न समजेल अशा भाषेत असते. ती रुग्णाला समजेल अशी लिहा, कारण संमती मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

पायरी 6: अर्ज

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांच्यासाठी कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला. काम ऑनलाइन होतं. फॉर्म 1 अर्जाचा, 2 मसुद्याचा, 3 परदेशी अर्जांच्या माहितीचा, 5 शोधकांच्या घोषणेचा. शैक्षणिक संस्थेला 2021 पासून ऐंशी टक्के सवलत आहे: अर्जाचे 1,600 रुपये, तपासणीचे 4,000, मोठ्या कंपनीला हेच 8,000 आणि 20,000. सवलतीसाठी फॉर्म 28 पुराव्यासह लागतो. तीस पानांपुढे पानामागे आणि दहा दाव्यांपुढे दाव्यामागे जादा शुल्क पडतं. खरा खर्च एजंटच्या फीचा असतो, तो अनुदानाच्या बजेटमध्ये वेगळा शीर्ष करून आधीच मागून ठेवा. प्रकल्प संपून यूसी, म्हणजे पैसा वापरल्याचा दाखला, गेल्यावर तो पैसा मिळत नाही.

मुदती डोळ्यांसमोर हव्यात. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती, फॉर्म 18, मार्च 2024 नंतरच्या अर्जांसाठी 31 महिन्यांच्या आत. पूर्वी हीच मुदत 48 महिने होती आणि अनेकजण अजून तीच धरून चालतात. विनंती राहिली, तर अर्ज मागे घेतल्याचं समजलं जातं. पहिला तपासणी अहवाल आल्यावर उत्तराला सहा महिने, आणखी तीन मागून घेता येतात. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना फॉर्म 18ए ने जलद तपासणी मागता येते. ही सोय फार कमी संस्था वापरतात, आणि का वापरत नाहीत हे मला कळलेलं नाही.

परदेशात अर्ज करायचा तर कलम 39: भारतात राहणाऱ्या शोधकाने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा आधी परवानगी घ्यायची. परदेशी सहकाऱ्याने परस्पर त्याच्या देशात अर्ज टाकला आणि त्यात तुमचं नाव असलं, तरी हे कलम मोडतं आणि तो दंडनीय गुन्हा आहे. बारा महिन्यांत पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र करायचा आंतरराष्ट्रीय, अर्ज केला, की देश निवडायला पहिल्या तारखेपासून तीस महिने मिळतात, भारत आणि युरोपात एकतीस. देश निवडताना हौस नको. लायसन्स घेणारी कंपनी जिथे विकेल किंवा बनवेल, तिथेच अर्ज करा, आणि जमलं तर खर्चही तिच्याकडूनच घ्या.

पायरी 7: लायसन्स, जिथे शोधाचं खरं काय ते ठरतं

मंजूर झालेलं पेटंट फ्रेम करून डीनच्या केबिनमध्ये लावता येतं. रुग्णापर्यंत शोध जातो तो लायसन्सच्या अटींमधून, आणि सरकारी संस्थेला त्या अटी घालण्याचा नैतिक आणि कायदेशीर अधिकार आहे.

आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसवरच्या मेनआफ्रिव्हॅक लशीचं उदाहरण घ्या. शर्करा आणि प्रथिन जोडण्याचं तंत्र अमेरिकी सरकारच्या एफडीए या अन्न-औषध नियामकाच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. पाथ ही आरोग्यक्षेत्रातली ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पाने आधी किंमत ठरवली, मात्रेला अर्ध्या डॉलरच्या आत, आणि मग बनवणारा शोधला. एनआयएचच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयामार्फत परवाना होऊन ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटपर्यंत आलं, आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या, लशीसाठी बनवलेल्या गाय-मानव संकरित प्रकारांचंही तसंच. ते एनआयएचमध्ये घडले आणि एकाच कंपनीला न देता भारत, चीन, ब्राझीलमधल्या अनेक उत्पादकांना दिले गेले. सीरमची रोटासिल लस त्यातूनच आली.

यावरून पहिला प्रश्न ठरतो: एकालाच द्यायचं की अनेकांना? निदान-किटसारख्या वस्तूला, जिथे चाचण्यांचा खर्च बेताचा आणि मागणी तातडीची, तिथे अनेकांना द्या. राष्ट्रीय विषाणू संस्थेने मे 2020 मध्ये बनवलेलं कोविड कवच एलायझा किट झायडससह एकाहून अधिक उत्पादकांकडे गेलं, ते बरोबरच होतं. नव्या औषधाला मात्र वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात, तिथे एकाधिकार दिल्याशिवाय कुणी पैसा घालत नाही. तेव्हा तो द्या, पण कापून द्या: ठरावीक आजारापुरता, ठरावीक प्रदेशापुरता आणि टप्प्यांच्या तारखांसह. अमुक महिन्यात पहिली चाचणी, अमुक वर्षात केंद्रीय औषध नियामकाकडे (सीडीएससीओ) अर्ज. टप्पा चुकला की एकाधिकार संपला.

प्राध्यापकाचीच स्टार्टअप लायसन्स घेणार असेल, तर संस्थेच्या बाजूने बोलणी करणाऱ्या समितीत तो प्राध्यापक नको. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार19 ही कर्करोगावरची पेशी-उपचार पद्धत इम्यूनोअॅक्ट या आयआयटीतच वाढलेल्या कंपनीने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरीपर्यंत नेली. म्हणजे ही वाट चालते. फक्त टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला नसावा.

करारात आणखी हे पाहा. रॉयल्टी निव्वळ विक्रीवर असते, म्हणून ‘निव्वळ’मधून काय काय वजा होणार ते आकड्यांसह लिहा. सरकारी रुग्णालयांना देण्याची किंमत किंवा तिचं सूत्र आत्ताच ठरवा, नंतर कुणी ऐकत नाही. संशोधनासाठी वापरण्याचा हक्क संस्थेकडे ठेवा. वर्षाला एकदा हिशेब तपासण्याचा हक्क घ्या आणि तो खरोखर वापरा. बोलणी करायला माणूस नसेल, तर केंद्र सरकारचं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ (एनआरडीसी), पुण्याचं व्हेंचर सेंटर, वैद्यकीय उपकरणांसाठी आयआयटी मुंबईचं बेटिक इथे विचारता येतं.

पायरी 8: मंजुरीनंतर

पेटंट वीस वर्षांचं, पण नूतनीकरणाचं शुल्क तिसऱ्या वर्षापासून लागतं आणि वाढत जातं. ते भरण्याची जबाबदारी व्यक्तीवर न टाकता पदावर टाका, कारण प्राध्यापक निवृत्त होतात, बदली होतात. फॉर्म 27, म्हणजे शोध भारतात वापरात आहे की नाही याचं निवेदन, 2024 पासून दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा. त्यात ‘वापरात नाही’ लिहायची लाज वाटू देऊ नका, पण कारण खरं लिहा. हेच निवेदन पुढे सक्तीच्या परवान्याच्या, म्हणजे मालकाची संमती नसतानाही दुसऱ्याला मिळू शकणाऱ्या परवान्याच्या, अर्जात वाचलं जातं.

सहा-सात वर्षं कुणीच लायसन्स घेत नसेल, तर शुल्क भरत राहायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय पेटंट कक्षाने एकट्याने घेऊ नये. आधी अनुदान देणाऱ्याला लेखी विचारा. काही करारांत सोडण्याआधी पेटंट त्यांना देऊ करण्याची अट असते, आणि मुदतही. उत्तर नकारार्थी आलं, की शोधकांना विचारा, त्यांना स्वतःच्या नावावर घ्यायचं आहे का. त्यांनीही नाही म्हटलं, तर शुल्क थांबवा आणि तसा शेरा फाइलवर तारखेसह मारा.